संगणकातील वाद्यशाळा

इलेक्ट्रॉनिक संगीत हा शब्द उच्चारला की पुष्कळ मंडळींच्या डोळ्यांसमोर लुकलुकणारे दिवे, कानठळ्या बसविणारा ठेका आणि वरातीतील ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. पण ती फार अपुरी आहे. गाण्याच्या कोणत्याही शिकवणीत आज डोकावून पाहावे. गुरुजींच्या शेजारी एक लहानशी पेटी असते आणि तिच्यातून षड्ज-पंचम अखंड झरत असतात. त्या पेटीत ना भोपळा, ना तार, ना घोडी. बंगलोरच्या जी. राज नारायण यांच्या खटपटीतून हा इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रचारात आला आणि पाहता पाहता तो घराघरांत पोहोचला. ज्या घरात इलेक्ट्रॉनिक संगीताचे नाव काढताच नाके मुरडली जातात, त्याच घरात रोज पहाटे भैरवाचा रियाज या विजेच्या तंबोऱ्यावर चालतो, हे आम्ही कौतुकानेच सांगतो.

प्रस्तुत लेखात आम्हाला जे सांगावयाचे आहे ते या तंबोऱ्याच्या पुढच्या पायरीविषयी. संगणकावर अख्खा स्टुडिओ उभा करणारी सॉफ्टवेअरे आता सर्वांच्या आटोक्यात आली आहेत. त्यांत वाद्ये असतात, ध्वनिमुद्रणाच्या पट्ट्या असतात, आवाजांचे मिश्रण करण्याचे पाट असतात, घुमारा देण्याची यंत्रे असतात. आणि यांपैकी एकही वस्तू हाताला लागत नाही. म्हणून त्यांना आभासी स्टुडिओ म्हणतात. हा ‘आभासी’ शब्द आम्हाला तितकासा रुचत नाही. भास असतो तो वाद्याचा. त्यातून निघणारा आवाज मात्र हवेला हलवितो, कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो, आणि बेसूर असला तर शेजाऱ्यांना छळतोही. त्यात आभास तो कसला?

जुहूच्या रहिवाशांस स्टुडिओ म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सनी सुपर साउंड हा स्टुडिओ याच वस्तीतला. बप्पी लाहिरी जुहूलाच राहत. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले तेही येथेच. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ चित्रपटाने त्यांचा इलेक्ट्रॉनिक ठेका देशभर पोहोचविला. पण ही सारी श्रीमंत दाराआडची गोष्ट होती. स्टुडिओ तासावर भाड्याने मिळत असे. वादक, ध्वनिमुद्रक, मदतनीस या सर्वांचे मोल द्यावे लागे. जुहू कोळीवाड्यातील एखाद्या मुलाच्या डोक्यात सुरावट घोळत असली, तरी ती त्या दाराच्या आत जाण्याचा मार्ग नव्हता. आज त्याच मुलापाशी एखादा जुना संगणक आणि बरे कर्णफोन असले, तर तो स्टुडिओच त्याच्या घरी येऊ शकतो. या बदलाचे मोल लहान नव्हे. त्याची किंमतही कोणी तरी मोजली आहे. तिच्याविषयी आम्ही पुढे बोलणारच आहोत.

हा चमत्कार घडतो कसा, ते आधी पाहू. आवाज म्हणजे हवेतील दाबाची चढउतार. ही चढउतार दर सेकंदास हजारो वेळा मोजून तिचे आकडे लिहून ठेवले, आणि पुढे त्याच वेगाने ते आकडे ध्वनिवर्धकाच्या पडद्याला वाचून दाखविले, तर तोच आवाज पुन्हा उमटतो. माणसाचा कान फार तर सेकंदास २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. आणि कोणतेही कंपन नीट पकडावयाचे तर त्याची मोजणी निदान दुप्पट वेगाने करावी लागते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या चकत्यांसाठी सेकंदास ४४,१०० मोजण्या हे प्रमाण ठरले. डावा-उजवा असे दोन कान, आणि प्रत्येक मोजणीस दोन बाइट, असा हिशोब केला तर एका मिनिटाच्या संगीतासाठी सुमारे एक कोट सहा लक्ष बाइट लागतात. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या अगडबंब यंत्राकडून अवघे सतरा सेकंदांचे संगीत करवून घेतले, तेव्हा ही केवढी कष्टाची गोष्ट होती! आता खिशातील दूरध्वनी हे काम बसल्या बसल्या करतो.

परंतु आभासी स्टुडिओचा खरा कणा हे आकडे नव्हेत; तो कणा म्हणजे मिडी नावाचा संकेत. इलेक्ट्रॉनिक वाद्ये निरनिराळ्या कारखान्यांची, आणि एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने सर्वांना समजेल अशी भाषा ठरली, आणि १९८३ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून जाहीर प्रयोग झाला. या मिडीत आवाज नसतोच, हे नवशिक्याने पक्के ध्यानात ठेवावे. तिच्यात असतो तो निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आणि अमुक क्षणी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, जोरालाही तितकेच. मधल्या सप्तकातील पांढरी एक ही ६० क्रमांकाची. काळी एक ६१. पांढरी दोन ६२. आणि असेच पुढे. भातखंडे किंवा पलुस्कर यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदिश जशी स्वतः गात नाही, गाणाऱ्याची वाट पाहते, तशीच ही मिडी. तोच लिहिलेला स्वर एकदा बासरीकडून वाजवून घ्यावा, एकदा व्हायोलिनकडून. संगणकाला त्याचे काही वाटत नाही. चुकलेला स्वर माऊसने उचलून जागेवर ठेवावा. ध्वनिमुद्रणाच्या फितीवर असे काही करता येत नसे.

१९९६ साली जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरात व्हीएसटी नावाची सोय आणली. घुमारा, प्रतिध्वनी वगैरेंची यंत्रे सॉफ्टवेअराच्या रूपाने बाहेरून आणून आत जोडण्याची ही युक्ती. पुढे १९९९ मध्ये अशीच वाद्येही जोडता येऊ लागली. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड मंडळींनी २००० साली ‘रीझन’ काढले. त्याच्या पडद्यावर यंत्रांचा एक मांडणीघोडाच दिसतो, आणि एक कळ दाबताच तो पाठमोरा होऊन मागच्या लोंबत्या तारा दाखवितो; त्या तारा एका यंत्रातून काढून दुसऱ्यात खुपसता येतात. कोणी म्हणेल, हा पोरखेळ. आम्हाला तसे वाटत नाही. आवाज कोठून निघतो, कोणाच्या हातून जातो आणि कोठे पोहोचतो, हे डोळ्यांना दिसले की शिकणाऱ्याचे निम्मे काम होते. बेल्जियमचे एफएल स्टुडिओ आणि जर्मनीचे एबलटन लाइव्ह हीही याच कुळातली. ज्याला खर्च करावयाचा नसेल त्याने ॲपलच्या यंत्रावर गॅरेजबँड, अन्य यंत्रांवर एलएमएमएस घ्यावे, आणि गळ्याच्या ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी. ही मोफत मिळतात. चोरून मिळविलेली महागडी सॉफ्टवेअरे घेऊ नयेत. त्यात नीतीचा प्रश्न आहेच. शिवाय अशा सॉफ्टवेअराबरोबर संगणकात काय शिरेल याचा नेम नसतो, आणि ऐन मोक्याला ते दगा देते. यांपैकी उत्तम कोणते, असा प्रश्न हमखास विचारला जातो. जे आधी हाती लागेल आणि जे सहा महिने बदलणार नाही, ते उत्तम.

आता पहिल्या संध्याकाळी काय करावे? आमचा सल्ला असा की, आयते ठेके आणि आयत्या सुरावटी यांच्या पेटाऱ्याला पहिले काही आठवडे हातच लावू नये. प्रत्येक सॉफ्टवेअरात असे शेकडो तुकडे असतात. चार तुकडे एकावर एक ठेवले की पाच मिनिटांत काही तरी झकास वाजू लागते, आणि ते आपण केले असा भ्रम होतो. त्याऐवजी एक सिंथेसायझर उघडावा आणि जुहूची लाट तयार करावी.

हे आम्ही थट्टेने म्हणत नाही. लाटेच्या आवाजात ठरावीक असा एकही स्वर नसतो. सर्व कंपने एकदम मिसळलेली असतात. सिंथेसायझरमध्ये अशा मिसळीला नॉइज म्हणतात. ते बटण दाबले की रेडिओच्या खरखरीसारखा आवाज येतो. त्यावर फिल्टर लावावा. फिल्टर म्हणजे चाळणी. वरची कंपने अडवून खालची जाऊ देणारी. चाळणीचे भोक लहान केले की खरखर दबते, दूरच्या समुद्राची गाज ऐकू येते. आता भोक हळूहळू मोठे करावे: लाट जवळ येते, फुटते, फेसाळते. पुन्हा लहान करावे: ती ओसरते. ही उघडझाप हाताने न करता यंत्राकडून करवून घेण्याच्या सोयीला एन्व्हलप म्हणतात. चढायला किती वेळ, उतरायला किती वेळ, ते आकडे आपण द्यावयाचे. ते आकडे कोठून आणावे? संध्याकाळी चौपाटीवर जावे, भेळवाल्यांच्या गर्दीपासून जरा दूर उभे राहावे, आणि घड्याळ लावून दहा-बारा लाटा मोजाव्या. लगेच ध्यानात येईल की कोणत्याही दोन लाटा सारख्या नसतात. मग घरी येऊन यंत्राच्या आकड्यांत थोडी अनिश्चितता मिसळण्याचे बटण शोधावे. या एका पाठात नॉइज, फिल्टर, एन्व्हलप आणि ऐकण्याची सवय एवढ्या चार गोष्टी शिकून होतात. आणि सिंथेसायझरच्या विद्येत याहून अधिक मूलभूत असे फारसे नाही.

दुसऱ्या दिवशी नॉइज बंद करून स्वर घ्यावा. सिंथेसायझर निरनिराळ्या घाटाच्या लहरी काढतो. करवतीच्या दातांसारखी लहर घेतली तर मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी उपस्वरांची रांग क्षीण होत होत येते; चौकोनी लहरीत त्यांतले विषम तेवढेच. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घोडीवर दोरा सरकवून तो याच उपस्वरांना जागे करीत असतो. करवती लहरीवर फिल्टर लावून तो अगदी सावकाश उघडत-मिटत ठेवला, तर उपस्वरांची ती झळाळी वर-खाली फिरताना ऐकू येते. तंबोरा होत नाही, हे खरे. पण तंबोऱ्यात काय चालले आहे ते कळते.

तालाचा विचार करू लागताच पहिली अडचण उभी राहते. ही सॉफ्टवेअरे पश्चिमेची असल्यामुळे उघडल्याबरोबर समोर येतो तो चार मात्रांचा तुकडा आणि बहुधा मिनिटास १२० मात्रांची लय. म्हणजे अर्ध्या सेकंदास एक मात्रा. असे चार तुकडे घेतले की सोळा मात्रा भरतात, तेव्हा त्रितालाची सोय आपोआप झाली. दोन तुकड्यांत केरवा. रूपक हवा असेल तर तुकडा सात मात्रांचा करावा, झपतालास दहाचा. ही सोय बहुतेक ठिकाणी असते. मात्र रूपकात एक गंमत होते. यंत्र पहिल्या मात्रेवर जोरदार टिचकी मारते, आणि रूपकाची समच खालीची! तेव्हा ती टिचकी बंद करून स्वतःचा ठेका लिहून घ्यावा हे बरे. अतिविलंबित लयीसाठी यंत्राची लय ६० ठेवावी आणि चार ठोक्यांची एक मात्रा धरावी. गवयीही मनातल्या मनात मात्रेचे भाग मोजतच असतो. आणि क्वांटाइझ नावाचे जे बटण आहे, जे प्रत्येक स्वर ओढून काटेकोर जागेवर बसविते, ते जपून वापरावे. ढोलकीच्या थापेत जो झोल असतो, जी किंचित उशिरा येण्याची ऐट असते, ती हे बटण एका क्षणात पुसून टाकते. बहुतेक सॉफ्टवेअरांत ते निम्म्या जोराने लावता येते. तेवढे पुरे.

तालाची अडचण अशी सुटते. सुराची अडचण मात्र खोल आहे, आणि आमच्या मते या विषयाचे मर्म तेथेच आहे. मिडीच्या पट्ट्या बारा, आणि त्या बाराही समान अंतरावर. सप्तकाचे शंभर-शंभर सेंटांचे बारा समान भाग. आपला पंचम या मोजणीत साधारण जमून जातो. षड्जाच्या दीडपट कंपनांचा शुद्ध पंचम ७०२ सेंटांवर, यंत्राचा ७०० वर. दोन सेंटांचा फरक कोणाच्या ध्यानात यावयाचा? पण तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट असतो, म्हणजे ३८६ सेंटांवर. आणि यंत्राचा ४०० वर. चौदा सेंटांनी चढा! भूपाचा गंधार असा चढा लागला तर त्याची विश्रांतीच नाहीशी होते. ही तक्रार नवी नाही. पेटीवर हाच आरोप होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, आणि त्या विचारातून श्रुतींची पेटी बनविण्याचा उद्योगही झाला. १९४० साली त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. तेवढ्या काळात पेटी काही मेली नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिच्यातून काय काढून दाखविले ते महाराष्ट्र जाणतो, आणि जुहूच्या शेजारच्या पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे पेटीवर किती प्रेम करीत तेही जाणतो. वाद्याची मर्यादा आणि वाजविणाऱ्याचा कान यांचा हा झगडा आता संगणकात येऊन पोहोचला आहे, इतकेच.

फरक असा की, पेटीची सुरी कानशीने घासल्याशिवाय हलत नाही, आणि संगणकातला स्वर हलविता येतो. मिडीत पिच बेंड नावाचा एक निरोप आहे. त्याचे १६,३८४ टप्पे. मधला ८,१९२ वा म्हणजे स्वर आपल्या जागी. साधारणपणे तो दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्ट्यांपर्यंत, म्हणजे २०० सेंटांपर्यंत, स्वर वाकवितो. तेव्हा चौदा सेंट उतरवावयाचे तर ५७३ टप्पे खाली यावे. षड्ज ६० वर धरला तर गंधार येतो ६४ वर. त्याखाली पिच बेंडच्या रकान्यात उणे ५७३ लिहावे, आणि पुन्हा ऐकावे. षड्ज सतत चालू ठेवून हा प्रयोग केला की दोन स्वरांमधली ती थरथर थांबते आणि गंधार षड्जात विरघळतो. एक सूचना मात्र महत्त्वाची: पिच बेंड त्या पट्टीमार्गावरील सर्व स्वरांना एकदम वाकवितो. म्हणून तंबोऱ्याचा षड्ज निराळ्या मार्गावर ठेवावा, नाही तर तोही बिचारा गंधाराबरोबर खाली घसरेल. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाकविता येते, पण तिच्यासाठी वाद्य आणि सॉफ्टवेअर दोन्ही तशी हवीत. काही सिंथेसायझर संपूर्ण स्वरसप्तकच आपल्या आकड्यांप्रमाणे लावून देतात. ज्याला रागसंगीतातच काम करावयाचे आहे त्याने तसला शोधावा.

मींडही याच रकान्यातून निघते. तिची रेषा पडद्यावर हाताने काढावयाची. नवशिका ती सरळ काढतो, आणि ती भोंग्यासारखी ऐकू येते. एखाद्या गवयाची मींड मुद्रणात हळू करून ऐकली तर दिसते की ती निघताना रेंगाळते, मध्ये वेग घेते आणि पोहोचताना पुन्हा सावकाश होते. तशी वक्र रेषा काढावी.

या संदर्भात मुंबईच्या एका कलावंताचे नाव घेतलेच पाहिजे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणारे वादक. ‘डिस्को डान्सर’ निघाला त्याच १९८२ साली त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडून दहा रागांची तबकडी केली: जुपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र, आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र. या शेवटच्या यंत्राची निर्मिती गिटार वाजविणाऱ्यांना साथ करण्यासाठी झाली होती. त्यासाठी ते कोणाला आवडले नाही आणि कंपनीने ते दोन-तीन वर्षांतच बंद केले. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भैरव, तोडी, मालकंस वाजविणाऱ्या माणसाला याहून काय हवे? त्या वेळी तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून काढलेल्या संगीताची जगभर लाट उसळली. आणि २०१० मध्ये एका डच प्रकाशनाने चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा काढली तेव्हा परदेशचे रसिक चकित झाले की, हे तर मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते! २०१५ साली ते वारले. टीबी-३०३ चे अनुकरण करणारी सॉफ्टवेअरे आज अनेक आहेत. ती उघडून त्यात भैरवाचा कोमल ऋषभ लावून पाहावा. पाश्चात्त्य खेळणे आपल्या कामी कसे लावावे याचा धडा त्याहून चांगला आम्हाला माहीत नाही.

हिंदुस्थानात या विद्येची सुरुवात याहूनही जुनी आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिरचना संस्थेत अमेरिकेचे डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवून दिला आणि तेथे आपल्या लोकांनी रचना केल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मिनिमूग आणला. तेव्हा हे कालचे खूळ, असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

पण या यंत्रांनी कोणाचे पोट मारले, तोही हिशोब मांडला पाहिजे. एके काळी एका गाण्यासाठी साठ-सत्तर वादक दिवाणखान्याएवढ्या दालनात एकत्र बसत. त्यांत गोव्याचे पुष्कळ. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक स्वरलेखन करून देत आणि व्हायोलिनांच्या रांगा ते वाचून वाजवीत. सिंथेसायझर आला, मागून संगणक आला, आणि एका माणसाच्या बोटांखाली त्या रांगा मावू लागल्या. निर्मात्याचा पैसा वाचला. व्हायोलिन वाजविणाऱ्याचा दिवस रिकामा गेला. ज्या पिढीने आपल्या मुलांना ही कला शिकविली असती, तिने त्यांना दुसऱ्या नोकरीची वाट दाखविली. कोळीवाड्यातील मुलाला दार उघडले असे आम्ही वर म्हटले ते खरेच आहे. त्याच दारातून कोणी बाहेर गेले, हेही तितकेच खरे. या दोहोंची बेरीज-वजाबाकी करून निकाल देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. एवढे मात्र दिसते की, ज्यांच्यापाशी साधने आहेत ते अजूनही जिवंत वाद्यवृंदाकडे जातात. अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी थेट हॉलिवूड गाठून तेथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. शंभर माणसे एकाच श्वासात वाजवितात तेव्हा जे होते ते व्हायोलिनाच्या साठविलेल्या नमुन्यांतून येत नाही. तेव्हा नवशिक्याने आभासी व्हायोलिनांची फौज उभी करण्यापूर्वी ओळखीचा एखादा खरा व्हायोलिनवाला शोधावा, त्याला बोलवावे, आणि त्याचे मोल द्यावे. एक खरे वाद्य मध्ये ठेवले की भोवतालची दहा यंत्रे सुधारल्यासारखी वाटतात.

खरे वाद्य किंवा गळा मुद्रित करावयाचा म्हणजे मायक्रोफोन आला, आणि मायक्रोफोन आला की जुहूचा स्वभाव आडवा येतो. १९२८ पासूनचा विमानतळ येथे आहे. आता त्यावरून हेलिकॉप्टरे उडतात. सांताक्रूझची मोठी विमाने आहेतच. शिवाय कावळे, भाजीवाले, आणि पावसाळ्याचे चार महिने पत्र्यावर पडणारे पाणी. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन फार हळवा. तो हे सर्व इमाने इतबारे टिपून घेतो. अशा घरात डायनॅमिक जातीचा मायक्रोफोन बरा. तो तोंडापासून चार बोटांवर धरावा. कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गावे, म्हणजे मायक्रोफोनला सामोरे येते ते कापड, उघडी भिंत नव्हे. आणि भिंतीवरचा प्रतिध्वनी पुष्कळ कमी होतो. पंखा बंद ठेवावा लागतो, याला इलाज नाही.

गाताना आपला आवाज कर्णफोनातून किंचित उशिराने येतो, हीही एक नेहमीची तक्रार. संगणक आकडे एकेक करून नव्हे तर मुठीमुठीने उचलतो. मूठ ५१२ आकड्यांची असेल तर सुमारे बारा सहस्रांश सेकंद जातात. आणि आवाज येताना व जाताना अशी दोनदा मूठ भरावी लागते. हवेतून आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे आपलाच गळा सात-आठ मीटरांवरून ऐकू आल्यासारखे होते. मुद्रण करताना मूठ १२८ ची करावी. मिश्रण करताना पुन्हा १,०२४ ची, नाही तर जुना संगणक धापा टाकू लागतो आणि आवाजात टकटक उमटते.

शेवटी जपणुकीविषयी. टीबी-३०३ आणि ८०८ यांचे पहिले गाजलेले संगणकी अनुकरण म्हणजे प्रॉपेलरहेडचे ‘रीबर्थ’. ते आता बंद पडले आहे, आणि त्यात रचलेले तुकडे उघडावयास जुना संगणक शोधावा लागतो. उलट अहमदाबादच्या त्या रचना फितींवर होत्या म्हणून दशकांनंतर सापडल्या आणि प्रसिद्धही झाल्या. म्हणून रचना पुरी झाली की सॉफ्टवेअराची मूळ फाइल ठेवावीच, पण प्रत्येक वाद्याचा मार्ग आरंभबिंदूपासून स्वतंत्र वेव्ह फाइल करूनही ठेवावा. मिडीची फाइल वेगळी. फाइलच्या नावातच राग, ताल, लय आणि पट्टी लिहावी: भूप, रूपक, ८४, काळी चार. आणि त्याची एक प्रत या संगणकाबाहेर, दुसऱ्या घरी.